तालमीचे गणित

(द्वितीय वर्ष, कला)

'तालीम' हा शब्द कानावर पडला की कोणाच्या डोळ्यांपुढे लाल मातीचा आखाडा उभा राहतो, तर आपल्या महाविद्यालयातील नाटकवाल्या मित्रांना स्नेहसंमेलनाआधीचे रात्री जागवण्याचे दिवस आठवतात. मला मात्र दोन गोष्टी आठवतात : तडा गेलेल्या काचेचा एक जुना मोबाईल आणि आमचा गोठा. या दोन्ही ठिकाणी मी एकेका प्राण्याला तालीम दिली. पहिला प्राणी खोटा होता, दुसरा खरा. खोट्याच्या तालमीत मी पटाईत झालो आणि त्याच जोरावर खऱ्याच्या तालमीत साफ चुकलो. ती चूक कोणती, का झाली आणि तिच्यातून काय हाती लागले, एवढेच प्रस्तुत लेखात सांगायचे आहे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा या लेखात विद्वत्ता सापडणार नाही, शेणामातीचा वास मात्र येईल. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

१. मोबाईलमधला प्राणी

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' नावाचा एक खेळ बाजारात आला. निन्टेन्डो कंपनीच्या 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रावर तो खेळायचा असे. रानावनांत फिरायचे, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवायचे, असा तो खेळ. त्याचा कर्ता सातोशी ताजिरी. टोकियोच्या पश्चिमेला माचिदा नावाचे उपनगर आहे, तेथे त्याचे बालपण गेले. लहानपणी त्याला किडे पकडण्याचा नाद होता. पुढे शहर पसरले, शेते आणि तळी बुजली, त्यांवर इमारती उठल्या आणि किडेही गेले. किडे शोधण्याचा तो आनंद पुढच्या मुलांना मिळावा, या ओढीतून हा खेळ जन्मला. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला आमची चिखली, मोशी, भोसरी आठवली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९७० मध्ये नगरपालिका आली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत येऊन पोहोचली. ज्या वावरात आमचे आजोबा पाभर धरीत, त्याच्या बांधाला आज कंटेनर उभे असतात. म्हणजे माचिदा आणि चाकण यांच्यात अंतर पुष्कळ असले तरी गोष्ट एकच म्हणायची!

या खेळाची २००२ सालची आवृत्ती माझ्या हाती लागली, तीही मामेभावाच्या जुन्या मोबाईलवर. वरवर पाहता तो पोरखेळ वाटतो. परंतु त्याच्या पोटात पक्के गणित दडलेले आहे. प्रत्येक प्राण्याला सहा गुण असतात. जीवनशक्ती, चाल, हल्ला, बचाव आणि हल्ला-बचावाचाच आणखी एक विशेष प्रकार. एकाच जातीचे आणि एकाच पायरीचे दोन प्राणी घेतले तरी ते सारखे निघत नाहीत. याला कारणे तीन.

पहिले कारण जन्म. प्रत्येक प्राण्याला प्रत्येक गुणासाठी जन्मतःच ० ते ३१ यांपैकी एक आकडा मिळतो. तो पडद्यावर दिसत नाही आणि बदलतही नाही. दुसरे कारण कष्ट. कोणत्या प्राण्याशी झुंजावे, त्यावर कोणत्या गुणाला कष्टाचे गुण मिळणार हे ठरते. चपळ प्राण्याला हरवले की चालीत भर पडते, टणक प्राण्याला हरवले की बचावात. कष्टाचे चार गुण जमले की शेवटच्या, म्हणजे शंभराव्या पायरीवर प्राण्याचा तो गुण एकाने वाढतो. मात्र यालाही मर्यादा आहे. सर्व मिळून ५१० च्या पुढे कष्ट जमा होत नाहीत, आणि एका गुणात त्यांतले २५२ च उपयोगी पडतात. म्हणजे दोन गुण पूर्ण भरावेत, तर बाकीचे चार जवळजवळ कोरडेच राहतात. तिसरे कारण स्वभाव. पंचवीस स्वभाव आहेत. त्यांतले पाच निर्गुण. बाकीचे एका गुणात दहा टक्के देतात आणि दुसऱ्या गुणातले दहा टक्के काढून घेतात.

आता २५२ ला चाराने भागा. ६३ येतात. म्हणजे जन्माने पडणारा फरक जास्तीत जास्त ३१, आणि कष्टाने पडणारा फरक ६३. कष्ट जन्माच्या दुपटीहून भारी! मी हे दोन आकडे अकरावीच्या वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते. त्याचे कारण वाचकांना सांगायला नको. ज्याच्या घरात पाठ्यपुस्तकांखेरीज एकही पुस्तक नव्हते, ज्याची आई अंगठा सोडून सही करायला मुलाकडून शिकली, त्याला ३१ आणि ६३ हे आकडे केवळ खेळातले वाटत नाहीत.

२. घाटातला प्राणी

आता गोठ्याकडे वळतो. माझे चुलते, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, ते चाकणच्या एका कारखान्यात पाळीने कामाला जातात आणि उरलेल्या वेळात शर्यतीचा बैल सांभाळतात. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या तालुक्यांत, यात्रा म्हटली की बैलगाडा आलाच. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शर्यतीच्या चढणीला घाट म्हणतात. हलक्या गाड्याला चार बैल जुंपतात. मागची जोडी धुरेची, पुढची जुकाटाची. गाड्यावर हाकणारा बसत नाही. पुढे घोडीवर स्वार असतो, आणि निशाण पडले की बैल चढावर सुटतात. एका गाड्याच्या एका धावेला बारी म्हणतात. दहा-पंधरा सेकंदांत सारा खेळ आटोपतो. त्या एवढ्याशा सेकंदांसाठी वर्षभर जनावर सांभाळायचे, हा हिशेब बाहेरच्या माणसाला पटत नाही. आमच्या आईलाही तो आजवर पटलेला नाही.

हा खेळ मध्यंतरी कित्येक वर्षे बंद होता. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने, ज्या जनावरांचे खेळ करण्यास मनाई आहे, अशांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील शर्यती यांवर बंदी घातली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, आणि शर्यतीत तो पळतो तो भीतीने व वेदनेने पळतो, असा त्या निकालाचा आशय होता. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण तीही न्यायालयात अडकली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम व अटी पाळून शर्यतींना परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आता शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्याचा दाखला लागतो. चाबूक, काठी, विजेचा धक्का यांना मनाई आहे. मे २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या चिखलीत भरलेल्या शर्यतीत तर पहिले बक्षीस जेसीबी यंत्र होते. ज्या यंत्राने बांध मोडले, तेच बैलाने जिंकून आणायचे. काळाचा महिमा म्हणतात तो हाच!

बंदी आली तेव्हा मी तिसरीत होतो. आमच्याकडे त्या वेळी सर्जा नावाचा बैल होता. नांगरट ट्रॅक्टरवर गेलेली आणि शर्यत बंद. दोन वर्षे नानांनी त्याला नुसता बांधून पोसला, मग एका शनिवारी चाकणच्या बाजारात नेला. संध्याकाळी ते रिकामा कासरा खांद्यावर टाकून परत आले आणि न जेवता झोपले. न्यायालयाच्या निकालातला शब्द आणि नानांच्या खांद्यावरचा तो कासरा, या दोहोंपैकी कोणाची बाजू खरी, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात आहे.

३. नानांची पद्धत

शर्यती सुरू झाल्यावर, २०२२ च्या आरंभी, नानांनी एक खिल्लार खोंड आणला. त्याचे नाव बादल. खिल्लार ही सातारा, सांगली, सोलापूरकडची जात. अंग आटोपशीर, रंग पांढरा, शिंगे लांब आणि मागे झुकलेली, चाल मूळचीच वेगवान. बादल तेव्हा आदत होता, म्हणजे त्याचे दुधाचे दात पडले नव्हते. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे आठ असतात आणि ते जोडी-जोडीने बदलतात. दोन मोठे दात आले की दुसा, चार आले की चौसा, आठही आले की जुळलेला. साधारण दोन-अडीच वर्षांपासून पाच वर्षांपर्यंत हा प्रवास चालतो. नाना खोंडाचे वय कागदावर पाहत नाहीत, ओठ उलटून पाहतात.

मी मात्र त्याच्यात माझ्या खेळातली तीन कारणे शोधू लागलो, आणि आश्चर्य म्हणजे ती सापडलीही! नाना बाजारात खोंड पाहतात तेव्हा खूर, खांदा, छाती आणि त्याची आई विचारतात; हा झाला जन्म. रोज चालवणे, नांगरटीच्या भुसभुशीत रानातून फिरवणे, तळ्यात पोहणी देणे. हे झाले कष्ट. आणि तिसरा स्वभाव. कोणी गर्दीला बुजतो, कोणी घोडी दिसली की पेटतो, कोणी जोडीदाराशिवाय पाऊल उचलत नाही. बादल आवाजाला बुजायचा. नानांनी काय करावे? सहा महिने त्याच्या दावणीजवळ रेडिओ लावून ठेवला. पहिल्यांदा जुंपला तोही एका म्हाताऱ्या, शांत बैलाशेजारी. "शिकिवतो त्यो बैल, मी न्हाई," असे ते म्हणत.

माझ्या खेळात कष्टाचा गुण लढाई संपताच जमा होतो. नानांच्या पद्धतीत चार दिवस काम झाले की दोन दिवस बैल नुसता उभा असे. मला ते आळसाचे वाटे. बारावीची परीक्षा दिलेल्या मुलाला चुलत्यापेक्षा अधिक कळते, असे वाटण्याचे ते वय!

४. माझी चूक

मे २०२३. नाना महिनाभर दुसऱ्या पाळीला होते, सकाळी झोपायचे आणि दुपारी निघायचे. बादलकडे पाहायचे काम माझ्याकडे आले. मी वहीत कोष्टक आखले. रोज सकाळी पळ, रोज संध्याकाळी पोहणी, एकही खाडा नाही. खुराकातही सुधारणा केली. कडबा कमी केला आणि मक्याचा भरडा एकदम दुप्पट केला. ६३ मिळवायचे तर भरणा नको का?

चौथ्या दिवशी बादलने रवंथ करणे थांबवले. मी ते पाहिले, पण त्याचा अर्थ मला कळला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने वैरणीला तोंड लावले नाही. डावी कूस फुगली, नाकपुडी कोरडी पडली, मान खाली गेली. तो दिवस १८ मेचा होता. घटनापीठाचा निकाल लागल्यामुळे गावात गुलाल उधळला जात होता, फटाके वाजत होते. ज्या बैलांचा विजय म्हणून तो गुलाल उडत होता, त्यांतला एक आमच्या गोठ्यात जमिनीवर बसला होता आणि फटाक्यांना बुजण्याचेही त्राण त्याच्यात उरले नव्हते.

नानांना फोन केला. ते पाळी सोडून आले. रात्री दहाला जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी औषध दिले, सोड्याचे पाणी पाजले आणि मला समोर उभे करून शांतपणे समजावले. बैलाच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतला मोठा कप्पा म्हणजे जणू आंबवणीचा रांजण. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात आणि ते वैरण पचवतात. पीठभरडा एकाएकी वाढला की त्या जिवांचा तोल जातो, आम्ल वाढते, पोट बंद पडते. खुराक वाढवायचा तो दिवसादिवसाने, थोडाथोडा. "बैलाला तुम्ही खायला घालत नाही," ते म्हणाले, "त्याच्या पोटातल्या जिवांना घालता. त्यांना सवय व्हायला वेळ द्या." शिवाय रोजच्या पळीने पुढच्या पायाचे स्नायूही सुजले होते. कष्टाने शरीर कमकुवत होते आणि विश्रांतीत ते पुन्हा, आधीपेक्षा थोडे अधिक, भरून येते. विश्रांती काढून घेतली की उरते ती नुसती झीज. नाना ज्याला नुसते उभे राहणे म्हणत, ती तालमीचीच दुसरी बाजू होती, आणि मी तिला आळस समजलो होतो.

रात्रभर आम्ही बसलो. नाना मला एक शब्दही बोलले नाहीत. पहाटे चारच्या सुमारास बादलचा जबडा हलला. त्याने रवंथ सुरू केले. नानांनी त्याच्या कुशीला कान लावला आणि मग मला म्हणाले, "हितं कान लाव." मी लावला. आत दूरवर ढग गडगडावेत तसा आवाज येत होता. "ह्यो आवाज रोज ऐकायचा. वही मागनं लिहायची."

५. मर्यादा कोण घालणार?

खेळातले गणित खोटे आहे, असे मी म्हणणार नाही. कष्ट जन्मापेक्षा भारी, हे मला आजही मान्य आहे. नाहीतर मी हा लेख लिहिलाच नसता. परंतु त्या गणितात एक गोष्ट खेळ रचणाऱ्याने आपल्यासाठी आधीच करून ठेवलेली आहे, ती माझ्या ध्यानात आली नव्हती. ती म्हणजे ५१० ची मर्यादा. तेथे यंत्र स्वतःच सांगते, आता पुरे. प्राणी लढून मूर्च्छित पडला तरी दवाखान्यात नेला की क्षणात ताजातवाना! त्याला वय नाही, खूर नाही, पोट नाही. त्या खेळात मालकावरच्या मायेचाही आकडा असतो, ० पासून २५५ पर्यंत. बादलची माझ्यावरची माया १८ मे नंतर कितीवर आली, हे सांगणारा पडदा कोठे आहे?

खऱ्या जनावराची मर्यादा कोठेही लिहिलेली नसते. ती रवंथात असते, शेणात असते, नाकपुडीच्या ओलाव्यात, उभे राहण्याच्या ढबेत असते. ते बोलत नाही, म्हणून ती वाचण्याची जबाबदारी सर्वस्वी तालीम देणाऱ्यावर येते. कायदा बाहेरून रेघ मारतो आणि ती मारायलाच हवी. आमच्याकडे पूर्वी काय काय चालत असे, ते वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. २०१४ चा निकाल आकाशातून पडला नव्हता. पण माझ्या हातून जे झाले, ते कोणत्याही नियमाच्या यादीत नव्हते. मी काठी उगारली नव्हती, टोचणी लावली नव्हती. उलट चांगले खाऊ घातले होते, मन लावून मेहनत घेतली होती. जनावराला छळण्यासाठी दुष्टपणा लागतोच असे नाही. न पाहता केलेली मेहनतही पुरते.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट सांगून लेख संपवतो. एका गावच्या यात्रेत आमची बारी लागायची होती. बादल आता जवळजवळ जुळलेला, अंगाने भरलेला. टोकन मिळाले होते, चार घरचे चार बैल आले होते, निवेदकाने नाव पुकारले होते. जुंपायच्या आधी मी पाहिले, तो उजव्या पुढच्या पायावर भार देत नव्हता. फार नाही, जरासाच. दाखला सकाळीच झालेला होता. बोललो नसतो तरी कोणाला कळले नसते. मी नानांना सांगितले. त्यांनी खूर उचलून पाहिला. दोन नख्यांच्या मधे खडा रुतून जखम झाली होती. नानांनी कासरा सोडला आणि बारी काढून घेतली. जोडीदार चिडले, लोक हसले, एकाने तर "बैल न्हाई, पोरगं लंगडं झालं" असा टोमणाही मारला. परतीच्या टेंपोत बरेच अंतर कोणी बोलले नाही. मग नानांनी विचारले, "तुला कसं दिसलं रं?"

मी काही उत्तर दिले नाही. पण वहीच्या शेवटच्या पानावर ३१ आणि ६३ या आकड्यांखाली जी जागा इतके दिवस कोरी होती, तेथे त्या रात्री मी तारीख घातली आणि लिहिले : उजवा पुढचा पाय, आठ दिवस विश्रांती.